करपलेल्या वर्षाचा माल

हे लिहितो आहे याबद्दल आधी माफी मागतो. मी फ्रान्स पाहिलेलं नाही. वाइनचा एक थेंबही कधी जिभेवर ठेवलेला नाही. माझं मराठी घरातलं, आणि लहानपणी दर शुक्रवारी सकाळी दुबईच्या 'बर दुबई' भागातल्या एका हॉलमध्ये एक काकू शिकवायच्या त्या वर्गातलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपण लिहिलेलं कुणीतरी बसून वाचेल, याची आमच्याकडे कुणाला सवय नाही.

पण खरी अडचण वेगळी आहे. एका फ्रेंच कुटुंबाच्या द्राक्षबागेबद्दल मी यापूर्वी एकदा लिहिलं आहे. इंग्रजीत, आठ पानं, जाड क्रीम रंगाच्या कागदावर छापलेली. त्या आठ पानांत एक परिच्छेद मी माझ्या मनाने घातला. एवढं झाल्यावर त्याच माणसांबद्दल पुन्हा लिहायला बसणं हा उद्धटपणा वाटेल. मलाही वाटतो. पण ती आठ पानं तशीच राहिली तर माझ्याकडून त्या बागेबद्दल खोटं तेवढंच उरेल.

माझे वडील दुबईतल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर आहेत. तळघरात एक थंड खोली आहे, तिथे वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या असतात. कोणती बाटली कोणत्या रांगेत, कोणत्या वर्षाची, हे पप्पांना तोंडपाठ आहे. लेबलवरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण लेबलवरचं चित्र ते ओळखतात. घरी आल्यावर आधी आंघोळ करतात, मगच देवघरापाशी जातात. आई म्हणते, "बाप दारूच्या खोलीत, आता लेकही दारूच्या हॉटेलात. मी आपली ताकावर."

दुबईला येण्याआधी पप्पा सांगलीच्या बाजूला द्राक्षांची कलमं भरायचे. आमच्याकडे द्राक्षाचा वेल स्वतःच्या मुळांवर लावत नाहीत. आधी जमिनीत एका रानटी अमेरिकन वेलाचा खुंट लावतात, डॉगरीज म्हणतात त्याला, आणि मग त्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी पाचर मारून बसवतात. हे काम करणाऱ्यांच्या टोळ्या असतात. पप्पा अशा एका टोळीत होते. दिवसभर वाकून चाकूने काप घ्यायचे. त्यांनी भरलेली कलमं मरत नसत, असं आजोबा सांगायचे. स्वतःची बाग आमची कधीच नव्हती.

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा पप्पांनीच शब्द टाकून मला त्याच हॉटेलात इंटर्नशिप मिळवून दिली. आमचे मॅनेजर लेबनॉनचे. सप्टेंबरात एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि एक फाइल पुढे सरकवली.

"हबीबी, तू कॉलेजवाला. तुझं इंग्रजी या सगळ्यांपेक्षा बरं आहे. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे वाइन डिनर आहे. एका फ्रेंच फॅमिलीची वाइन. पाहुण्यांच्या हातात त्या फॅमिलीची हिस्टरी द्यायची आहे. छोटं बुकलेट. तू लिही."

"सर, मला वाइनमधलं काही कळत नाही."

"वाइनचं शेफ बघेल. तू फॅमिलीचं लिही. फॅमिली तर कळते ना? यल्ला, लाग कामाला."

फॅमिली कळते, असं मलाही वाटलं होतं.

त्या बागेची मालकीण साठीच्या पुढची एक विधवा बाई. इथे व्हॉट्सॅपवरून कॉल लागत नाहीत, म्हणून हॉटेलच्या ऑफिसातून मीटिंगची लिंक पाठवून मी त्यांच्याशी बोलायचो. पहिल्याच दिवशी त्या मला 'मस्यू' म्हणाल्या, म्हणजे 'महाशय'. आयुष्यात मला कुणी तसं काही म्हटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. त्या हसल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याहून मोडकं होतं, त्यामुळे आम्ही दोघंही हळू बोलायचो आणि एकमेकांना वेळ द्यायचो.

त्यांनी सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं. त्यांच्या भागात वाइनला गिऱ्हाईक राहिलेलं नाही. शेजारच्या दोघांनी वेली उपटून टाकल्या. सरकारची तशी योजनाच आहे, नाव घातलं की भरपाई मिळते आणि उपटायला मशीन येतं. त्यांची मुलगी शहरात नोकरी करते आणि आईने नाव घालावं म्हणून मागे लागली आहे. अर्जाची मुदत हिवाळ्याच्या तोंडावर संपणार होती. आमचं हॉटेल एका मोठ्या ग्रुपचं. डिनरला ग्रुपचे खरेदीप्रमुख येणार होते. त्यांनी ही वाइन सगळ्या हॉटेलांच्या यादीत घेतली तर बाग राहणार. नाही घेतली तर त्या अर्ज करणार.

"म्हणून मस्यू, नीट लिहा," त्या म्हणाल्या. "तो माणूस वाइन चाखेल. पण त्याआधी वाचेल."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा पप्पांनी जेवता जेवता हात थांबवला. "चालू बाग उपटायची?" त्यांनी विचारलं. "रोग न्हाई, काय न्हाई, आन् उपटायची?"

पुढचे तीन आठवडे मी त्या कुटुंबात राहिल्यासारखा राहिलो. मॅडम जुन्या कागदांचे फोटो पाठवायच्या, मी मोबाइलवर भाषांतर करायचो, अडलं की कॉल. पप्पांची ड्यूटी संपली की तेही ऑफिसात माझ्यामागे येऊन उभे राहायचे. मॅडमना त्यांची ओळख करून दिली तेव्हा पप्पांनी स्क्रीनला नमस्कार केला, आणि त्यांनीही हात जोडले.

ते कुटुंब मुळात पिपं बनवणाऱ्यांचं. मॅडमच्या नवऱ्याचे पणजोबा दुसऱ्यांच्या वाइनसाठी लाकडी पिपं करायचे. एका मालकाने पिपांच्या बदल्यात त्यांना डोंगराची एक उतरण दिली, कारण ती इतकी दगडाळ होती की नांगर चालत नव्हता. पणजोबांनी पहारीने खड्डे घेतले आणि वेली लावल्या. दहा वर्षांत त्या उतरणीची वाइन खालच्या सपाट जमिनीपेक्षा बरी निघायला लागली, तेव्हा तोच मालक जमीन परत मागायला आला. पणजोबांनी त्याला एक ग्लास पाजला आणि घराबाहेर सोडलं. मॅडम हे सांगताना पणजोबांची नक्कल करायच्या, दार उघडून धरल्यासारखी.

मग मुळांना कीड लागली. सगळ्या मुलखातच लागली होती. वेली हिरव्याच्या पिवळ्या होत आणि उभ्या उभ्या मरत. औषध सापडेना. शेवटी अमेरिकेतले रानटी वेल आणून त्यांच्या खुंटावर इथल्या काड्या बांधायच्या, असा उपाय निघाला. म्हातारे पणजोबा तयार नव्हते. परक्याच्या पायांवर आपलं शरीर उभं करायचं म्हणजे काय, असं ते म्हणत. मुलाने ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात घरातल्या बायका स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून कलमं भरत होत्या. खुंटाला काप, काडीला काप, दोन्ही जुळवून सुतळीने आवळायचं आणि ओल्या वाळूच्या खोक्यात उभं करून ठेवायचं. वसंतात ती सगळी उतरणीवर नेऊन लावली.

हे मी मराठीत करून सांगितलं तेव्हा पप्पा खुर्ची ओढून पुढे आले. "आपलाच डॉगरीज की रं!" ते म्हणाले. नेमका तोच नव्हता, पण तशीच रानटी जात. "विचार त्यांना, काडी किती डोळ्यांची घ्यायचे?" डोळा म्हणजे काडीवरची कोंब फुटायची जागा. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एका डोळ्याची." पप्पांनी मान हलवली, जणू काही त्यांची खात्री पटली. माझ्या बापाला हातातलं जे काम येतं त्याबद्दल दुबईत कुणी विचारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात कलमं भरणाऱ्या बायकांपैकी एकीचा नवरा परत आला नाही. सैन्याने घोडाही नेला होता. ती आणि तिची नणंद दोघींनी दोर खांद्याला लावून ओळींमधून औत ओढलं. तिचे दोन मुलगे पुढे मोठे झाले आणि भांडले. वाटणी झाली. तळघराच्या मधोमध भिंत घातली, पण द्राक्षं पिळायचा चरक एकच होता, तो हलवता येत नव्हता. मग एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. दोघे भाऊ तीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, मात्र चरक धुऊन पुसून दुसऱ्याच्या हवाली करत. मॅडमच्या नवऱ्याने पुढे चुलतभावाचा हिस्सा विकत घेऊन भिंत पाडली. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा भिंतीच्या जागी फरशीवर नुसता पांढरा पट्टा उरला होता.

इथपर्यंत सगळं नीट होतं. इथपर्यंतचं मी जे लिहिलं त्यातल्या ओळीन् ओळीला कागदाचा किंवा त्यांच्या तोंडचा आधार होता.

डिनरला जी वाइन द्यायची होती ती एका विशिष्ट वर्षाची होती. ते वर्ष त्यांच्या नवऱ्याचं शेवटचं. त्या वर्षाबद्दल मी विचारलं तेव्हा मॅडमनी चष्मा काढला.

"एप्रिलमध्ये कोंब बोटाएवढे झाले होते," त्या म्हणाल्या. "तीन दिवस थंडी आली. दंव गोठलं. सकाळी उठून बघितलं तर सगळं काळं. जाळल्यासारखं. माझा नवरा ओळींतून चालत गेला, वरपर्यंत, आणि परत आला. त्यानंतर..."

आणि लिंक तुटली. पुन्हा जोडली गेली तेव्हा त्या उठून गेल्या होत्या. स्क्रीनवर रिकामी खुर्ची दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या शेतीच्या डायरीतलं त्या वर्षाचं पान पाठवलं. एप्रिलमध्ये एकच ओळ: 'सगळं गेलं.' त्याखाली पान कोरं. मे कोरा, जून कोरा, पुढचंही कोरं.

मी पुन्हा विचारायला हवं होतं. एक ओळीचा मेल. पण आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या बायकोला दोनदा विचारत नाहीत. तिने एकदा सांगितलं, डोळे पुसले, की आपण विषय बदलायचा, चहा कसा झालाय ते बोलायचं. मला तसंच वळण लागलं आहे. मला वाटलं, मी विचारलं तर त्यांना पुन्हा त्या ओळींतून वर चालत जावं लागेल.

मी पप्पांना विचारलं.

"एप्रिलमधी करपलं ना?" ते म्हणाले. "मग बिघडलं काय? आपल्याकडं एप्रिलमधी आपणच समदं खरडून टाकतो की. खरड छाटणी. एक काडी ठेवत न्हाई. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, की पुन्हा फूट, पुन्हा घड. त्यांनी बी खरडलं आसंल. आला आसंल माल मागनं. माल न्हाई तर बाटली कुठनं आली? माझ्या खोलीत हाय न्हवं त्या वर्षाची बाटली?"

बाटली होती. मी स्वतः पाहिली होती. एकवीस पूर्ण झाल्याशिवाय त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही असा हॉटेलचा नियम होता, आणि ऑगस्टमध्ये मला एकवीस पूर्ण झाल्यावर पप्पांनी मला आत नेऊन पहिल्यांदा जी रांग दाखवली त्यातच ती होती. माल आला होता याचा तो पुरावाच वाटला. आणि खरं सांगायचं तर मला माल यायलाच हवा होता. एवढी सगळी माणसं, कीड, युद्ध, भिंत, आणि शेवटी कोरं पान, असं छापायला माझा हात होईना. मी लिहिलं की त्या एप्रिलनंतर कुटुंबाने धीर सोडला नाही, जळालेल्या वेली मुळापर्यंत छाटून काढल्या, आणि त्याच वर्षी वेलींना दुसऱ्यांदा फूट येऊन घड लागले. ही वाइन त्या दुसऱ्या बहराची आहे. ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं झालं बाई त्यांचं."

मॅडमनी छापण्याआधी एकदा बघायला मागितलं होतं. मी हो म्हटलं होतं. पण मॅनेजर म्हणाले, प्रिंटरला आजच द्यायचंय, ती इथे येतेच आहे, तिच्यासाठी सरप्राइज. "खलास, पाठवून दे." मी पाठवून दिलं. मॅडमनाही एक प्रत मेल करायला मला एक मिनिट लागलं असतं. मी केली नाही. सरप्राइजची कल्पना मलाही आवडली होती.

डिनरच्या दिवशी त्या आल्या. स्क्रीनवर वाटल्या त्यापेक्षा उंचीने खूप लहान. माझ्यासाठी त्यांनी उतरणीवरचा एक दगड आणला होता, कागदात गुंडाळून. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. मी भिंतीपाशी उभा होतो, बुकलेटचा गठ्ठा घेऊन. खरेदीप्रमुख त्यांच्या शेजारीच बसले होते. शांत, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी ग्लासला हात लावण्याआधी वाचायला घेतलं, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि बोट एका जागी ठेवलं.

"दुसऱ्या बहराची वाइन आहे ही?" त्यांनी विचारलं. आवाज चढा नव्हता. "दंवानंतर आलेल्या फुटीची?"

मॅडमना प्रश्न कळला नाही असं मला वाटलं. मग त्यांनी बुकलेट ओढून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. मी भिंतीपाशी होतो पण मला त्यांचं बोट कुठे थांबलं ते दिसलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे असं नाही. उतरणीच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेलींच्या चार ओळी दंवातून वाचल्या होत्या. त्यांचीच आहे. थोडीशीच झाली. बाकी काही झालं नाही त्या वर्षी."

"पण हे तुमच्या घराण्याचं अधिकृत टिपण आहे ना?"

"चूक आहे ती."

"कोणाची?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कुणी कडेवरचं मूल दुसऱ्याच्या हातात द्यावं आणि त्याच्याकडून ते पडावं, तसं. मग म्हणाल्या, "माझी. मी नीट सांगितलं नसेल."

मी पुढे जाऊन बोलायला हवं होतं. मी हातातला बुकलेटचा गठ्ठा सारखा करत राहिलो. खरेदीप्रमुख म्हणाले, वाइन चांगली आहे, पण कागदावर एक आणि तोंडी एक असं असेल तर आम्हाला अडचण होते, पाहुणे विचारतात, कळवू आम्ही. मग ते शेजारच्या माणसाशी हवेबद्दल बोलायला लागले. फ्रान्समध्ये थंडीने मारलेल्या वेलीची मागून आलेली फळं कुणी मानाने बाटलीत भरत नाही, ती कच्ची आणि आंबट राहतात, हे मला त्यानंतर शेफने सांगितलं. म्हणजे मी त्या माणसाच्या शेवटच्या वाइनला कौतुकाने शिवी दिली होती, छापून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विमानाला निघण्याआधी, मॅडम तळघरात आल्या. पप्पा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी मधे उभा राहून इकडचं तिकडे करत होतो. पप्पांनी सगळं सांगितलं, एप्रिलचं, ऑक्टोबरचं.

"वर्षातून दोनदा छाटता?" त्यांनी विचारलं. "वेल दमत नाही?"

"दमते," पप्पा म्हणाले. "म्हणून तर पंधरा वर्षांत काढून नवी लावतो."

त्यावर त्या बाटल्यांच्या रांगेकडे वळल्या. त्यांच्या काही वेली त्या औत ओढणाऱ्या बाईच्या हातच्या होत्या. पप्पा म्हणाले, "बाई, माफ करा. पोराला मी सांगितलं." मी भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, "त्याला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मला विचारलं असतं तर माहीत होतं." एवढंच. ते वाक्य मी पप्पांना मराठीत सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या, तर म्हटलं, त्या रागावलेल्या नाहीत.

त्यानंतर मी काय केलं नाही! मॅनेजरना सांगितलं की चूक माझी आहे, माझी इंटर्नशिप काढून घ्या पण ग्रुपला कळवा. ते म्हणाले, "हबीबी, तू इंटर्न आहेस. तुझ्या चुकीला कोण विचारतंय?" मी खरेदीप्रमुखांना मेल केले. पहिला लांबलचक, दुसरा त्याहून लहान, मग एक फक्त चार ओळींचा. उत्तर नाही. मॅडमना लिहिलं की मी प्रयत्न करतो आहे, अर्ज थोडा थांबवा. त्यांनी उत्तर दिलं की मुदत महिनाअखेर आहे, मुलगी कागद घेऊन आली आहे, मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबते.

शेवटी मी पत्र छापून घेतलं आणि ते ग्रुपच्या मुख्य ऑफिसात द्यायला अबू धाबीला निघालो. पप्पांनी रजा टाकली होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात उभे. "मी येतो," ते म्हणाले, "माझ्या तोंडानं सांगतो." आईने डब्यात पोळी-भाजी दिली. बसने अबू धाबी, तिथून खलिफा सिटीकडे जाणारी दुसरी बस, मग नोव्हेंबर असूनही पाठ भिजवणारं ऊन, आणि काचेची इमारत.

रिसेप्शनवर एक मुलगी होती. माझं आडनाव वाचून म्हणाली, "मराठी का? मी पुण्याची." अपॉइंटमेंट नव्हती. तिने बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. आम्ही अडीच तास बसलो. त्या इमारतीत मराठी कळणारी ती एकटीच, म्हणून पप्पांनी तिलाच सगळं सांगायला घेतलं. खरड छाटणी कधी, गोडी कधी, आपल्याकडे बर्फ का पडत नाही.

"काका, मला द्राक्षातलं खरंच काही कळत नाही हो," ती म्हणाली. "सुपरमार्केटमधून आणते तेवढंच. पण पत्र मी सरांच्या टेबलावर ठेवते. माझ्या हाताने."

"टेबलावर नको, हातात द्या, पोरी."

"हातात देते."

साडेबाराला लिफ्टचं दार उघडलं आणि खरेदीप्रमुख दोन माणसांबरोबर बाहेर आले. मी उठेपर्यंत पप्पा त्यांच्यासमोर पोहोचले होते. "सर. मिस्टेक माय. नॉट मॅडम. एप्रिल, इंडिया, कटिंग. माय मिस्टेक." त्यांनी हाताने छाटायची खूण केली, हवेत, दोन बोटांची कात्री. मी धावत जाऊन बाकीचं इंग्रजीत सांगायला लागलो, पण मी तेच तेच वाक्य पुन्हा म्हणत होतो. त्या गृहस्थांनी ऐकून घेतलं. अगदी सभ्यपणे. पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "समजलं. मेल करा." आणि गेले. पप्पांनी मला विचारलं, "काय म्हणला?" मी म्हटलं, बघतो म्हणाला. परतीच्या बसमध्ये आम्ही डबा उघडला नाही.

महिनाअखेर आली. मी त्या दिवशी दर तासाला मेल बघत होतो. डिसेंबर गेला. मॅडमकडून काही नाही, ग्रुपकडून काही नाही. मी मॅडमना दोनदा लिहिलं, मग लिहायचं थांबवलं. माझ्या पत्रांना उत्तर देण्याचाही त्यांना त्रास होत असेल असं वाटलं. इंटर्नशिप संपली, चांगला शेरा मिळाला, कॉलेज पुन्हा सुरू झालं. जानेवारीत मी वर्गात बसून फ्रान्समधल्या त्या गावाची हवा मोबाइलवर बघायचो. उणे दोन. उणे चार. घरी पप्पा रोज विचारायचे, "काय कळलं का?" नंतर त्यांनी विचारणं सोडलं, फक्त दार उघडताना माझ्या तोंडाकडे बघायचे.

फेब्रुवारीत, कॉलेजच्या कँटीनमध्ये असताना, पप्पांचा फोन आला. ड्यूटीवर असताना ते कधी फोन करत नाहीत.

"जेवलास का?"

"हो."

"काय खाल्लंस?"

"राजमा. पप्पा, काय झालं?"

मागे थंड खोलीतल्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

"मॅनेजर खाली येऊन गेले आत्ता. त्या बाईंच्या बाटल्या हैत तेवढ्याच, पुन्हा येणार न्हाईत म्हणले. माझ्या खोलीच्या यादीतनं नाव काढायला सांगितलं." आणि मग, "काढल्या रं त्यांनी वेली. गेल्या आठवड्यात मशीन आलं होतं. वरची उतरण, खालची, समदी काढली."